दहा दिवस, दोन बेटं आणि एकच ड्रायव्हर

माझ्या आतेभावाने गेल्या महिन्यात मला चार पानांचा एक तक्ता पाठवला. न्यूझीलंड, मे महिना, दहा दिवस, दोन्ही बेटं, भाड्याची गाडी. सोबत एक ओळ: "दादा, तू जाऊन आलायस म्हणून दाखवतोय. काही राहून गेलंय का, तेवढं फक्त सांग."

राहून काहीच गेलं नव्हतं. माझी तक्रार तीच आहे.

तक्ता देखणा होता, हे कबूल करतो. भाऊ पुण्यात एका कारखान्यात उत्पादनाचं नियोजन बघतो, त्यामुळे रकाने कसे पाडायचे हे त्याला कोणी शिकवायला नको. दर दिवसाला वेगळा रंग, दर ठिकाणापुढे पोचायची आणि निघायची वेळ, किलोमीटर, पेट्रोल, जेवण. ऑकलंडला उतरायचं आणि होबिटन बघून रोटोरुआ गाठायचं. दुसऱ्या दिवशी वेलिंग्टन. तिसऱ्या दिवशी फेरीबोटीने सामुद्रधुनी ओलांडून पिक्टन, तिथून कायकोरा, रात्री क्राइस्टचर्च. चौथ्या दिवशी टेकापो, माउंट कुक आणि मुक्कामाला थेट क्वीन्सटाउन. पाचव्या दिवशी मिलफर्ड साउंड, जाऊन-येऊन. सहावा दिवस 'साहसी खेळ'. सातव्याला फ्रान्झ जोसेफ, आठव्याला आर्थर्स पास ओलांडून पुन्हा क्राइस्टचर्च, मग विमानाने ऑकलंड, खरेदी, घर. गाडीत माणसं पाच: तो, त्याची बायको, अकरा आणि सहा वर्षांच्या दोन मुली, आणि माझी आत्या, जिला तिचे गुडघे दर दीड तासाने गाडीतून खाली उतरवतात. गाडी चालवणारा तो एकटाच.

मी फोन करून म्हटलं, यातलं निम्मं काढून टाक. त्यावर आमचा जो वाद झाला त्यात त्याने दिलेली कारणं मी गेल्या काही वर्षांत इतक्या दिवाणखान्यांत ऐकली आहेत, की उत्तर एकदा लिहूनच काढावं असं वाटलं. माझा भाऊ मूर्ख नाही, आणि त्याची कारणंही मूर्खपणाची नाहीत. म्हणूनच ती टिकून आहेत.

त्याचं पहिलं म्हणणं असं, की हे आकडे त्याने मनाने घातलेले नाहीत, नकाशावरून घेतले आहेत. ते खरं आहे. मीही नकाशा उघडून बेरीज केली. पहिला दिवस २४० किलोमीटर, दुसरा ४५०, पिक्टन ते क्राइस्टचर्च ३४०, चौथा दिवस माउंट कुकचा फाटा धरून सहाशेच्या घरात, मिलफर्ड जाऊन-येऊन पावणेसहाशे, फ्रान्झ जोसेफ ३५०, परतीचा रस्ता पावणेचारशेच्या पुढे. सगळे मिळून २,९०० किलोमीटर. नकाशाच्या हिशेबाने चाकामागचे ३९ तास, सात दिवसांत. दिवसाला साडेपाच तास होतात. "साडेपाच तास म्हणजे काय रे?" तो म्हणाला. "नऊला निघालो तर अडीचला पोचलो."

इथेच घोडं पेंड खातं. नकाशाचा तास कोणाचा? ज्याला थांबायचं नाही त्याचा. त्या तासात सहा वर्षांच्या मुलीला लघवीला लागत नाही, आत्याचा गुडघा आखडत नाही, दोन डोंगरांमध्ये अचानक निळंशार तळं समोर येऊन "अगं बाई, थांबव थांबव" असं मागच्या सीटवरून कोणी ओरडत नाही. आणि असं ओरडण्यासाठीच तर विमानाची तिकिटं काढलेली असतात! वाटेत कोणीच ओरडलं नाही, तर ती सहल फसली असं मी समजेन. कुटुंब बरोबर असताना दक्षिण बेटावर नकाशाच्या वेळेची दीडपट धरावी, हा माझा स्वतःचा अडाणी हिशेब आहे. त्याला शास्त्राधार नाही, पण तो मला अजून तरी चुकवून गेलेला नाही. क्वीन्सटाउन ते फ्रान्झ जोसेफ नकाशावर पाच तास. वानाकाला चहा, हास्ट खिंडीत रस्त्यालगतचा अठ्ठावीस मीटर उंचीचा थंडर क्रीक धबधबा, पुढे नाइट्स पॉइंटला समुद्र, मध्ये कुठेतरी डबा उघडणं. झाले आठ तास, आणि यात कुणीही उधळेपणा केलेला नाही.

रस्ताही समजून घ्यायला हवा. खुल्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटरची आहे, हे वाचून आपल्या डोळ्यांसमोर द्रुतगती मार्ग येतो. प्रत्यक्षात तो जाता-येता एकेक मार्गिकेचा, मध्ये दुभाजक नसलेला साधा रस्ता असतो, आणि खिंडीत शिरला की वळणावळणावर पिवळ्या पाट्या पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न असे आकडे दाखवू लागतात. शंभरने जायला मुभा आहे म्हणजे शंभरने जाता येतं असं नाही. पश्चिम किनाऱ्यावर एकपदरी पूल येतात. लाल कडेच्या गोल पाटीवर लहान लाल बाण आपल्या दिशेचा असेल, तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. निळ्या पाटीवर मोठा पांढरा बाण आपला असेल, तर आपण आधी. हास्टच्या आसपास तर मैलोन्‌मैल मोबाइलला रेंज नसते.

आता मे महिन्याकडे येतो, कारण तक्त्यातली सर्वांत मोठी चूक किलोमीटरच्या रकान्यात नाही, तारखेच्या रकान्यात आहे. मुलींच्या शाळेला सुट्टी मे महिन्यात, म्हणून सहल मे महिन्यात. आपल्या मनात मे म्हणजे लांबलचक दिवस. पण तिथे तो शरदाचा शेवट, हिवाळ्याचं तोंड. मे महिन्याच्या मध्याला क्वीन्सटाउनमध्ये सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि साडेपाचच्या आत मावळतो. उजेड साडेनऊ तासांचा. डिसेंबरात हाच सूर्य रात्री साडेनऊपर्यंत रेंगाळतो, म्हणून डिसेंबरात जाऊन आलेल्याचा बेत मे महिन्यात जाणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. भावाने नेमकं तेच केलं होतं: ऑफिसातल्या कुणाच्या नाताळच्या सहलीचा आराखडा घेऊन त्यावर मे महिन्याच्या तारखा डकवल्या होत्या.

तिसरा दिवसच घ्या. वेलिंग्टनची फेरी साडेतीन तासांची, आणि गाडीसकट जायचं तर तासभर आधी रांगेत. सकाळी पावणेनऊची बोट धरली तर पिक्टनला बाहेर पडेपर्यंत पाऊण वाजतो. तिथून कायकोरा दीडशे किलोमीटरवर. आत्या एकदा उतरणार, मुली जेवणार. कायकोराला साडेतीन-चार. त्या गावाचं नाव ज्या व्हेल माशांसाठी आहे, त्यांच्या बोटी तोवर केव्हाच किनाऱ्याला लागलेल्या, आणि सव्वापाचला सूर्यास्त. मग उरलेले १८० किलोमीटर अंधारात, अनोळखी रस्त्यावर. तक्त्यात या दिवसापुढे 'सीनिक कोस्टल ड्राइव्ह' असं लिहिलं आहे. निम्मा कोस्ट काळाकुट्ट दिसेल.

पहिल्या दिवसाची तर मला दयाच येते. मुंबईहून थेट विमान नाही. कुठेतरी बदलायचं, म्हणजे घर सोडल्यापासून जवळजवळ एक अख्खा दिवस. दुपारी बाराला ऑकलंडला उतरला, तेव्हा त्याच्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे साडेपाच वाजलेले असणार आणि त्याने रात्रभर खुर्चीत मान वाकडी करून काढलेली असणार. मग पासपोर्टची रांग. मग जैवसुरक्षेची रांग, जिच्याबद्दल आपल्याकडे कोणी पुरेसं बोलत नाही: पिशवीतला लाडू, मेतकूट, लोणचं, मुलीच्या दप्तरात विसरलेलं सफरचंद, ट्रेकच्या बुटाला लागलेली सिंहगडाची माती, सगळं कागदावर लिहून दाखवायचं. लिहिलं तर बहुतेक वेळा तपासून पुढे पाठवतात, लपवलं तर ४०० डॉलरचा दंड जागच्या जागी. मग गाडी ताब्यात घेणं, तिच्यावरचे ओरखडे मोजणं, धाकटीसाठी खास सीट बसवून घेणं, कारण सात वर्षं पूर्ण होईपर्यंत ती कायद्याने लागतेच. पाच जणांच्या पाच बॅगा डिकीत मावत नाहीत, हा शोधही तिथेच लागतो. दोन तास गेले. होबिटनचा साडेतीनचा फेरा तक्त्यात आहे, आणि ते पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. म्हणजे पहिल्याच दिवशी, झोप न झालेल्या माणसाने, अनोळखी देशात, घड्याळ हरवण्यासाठी गाडी पळवायची.

"दादा, तू उगाच घाबरवतोस," भाऊ म्हणाला. "आपण मुंबई–गोवा एका दमात मारतो. बारा-बारा तास. आणि कुठल्या रस्त्यावरून मारतो, ते बघ जरा. तिथे रस्ते लोण्यासारखे, ट्रॅफिक नाही, शिवाय आपल्यासारखंच डावीकडून."

हा त्याचा हुकमाचा एक्का, आणि मला तो थोडा वेळ तरी बिनतोड वाटला. मुंबई–गोवा रस्त्याने पंधरा वर्षं आपल्याला जे सोसायला लावलंय, त्यानंतर जगातल्या कुठल्याही रस्त्याची भीती वाटू नये हे साहजिक आहे. पण जरा बघा, आपण गोव्याला जातो तेव्हा काय बघायला जातो? गोवा. माणगावच्या बसस्टँडचं सौंदर्य न्याहाळायला कोणी थांबत नाही, आणि कशेडीचा घाट पहाटे चारला झोपेत ओलांडला तर कोणाचं काही बिघडत नाही. तो पोचण्याचा प्रवास आहे. त्यात वेळ मारणं हेच कौशल्य. दक्षिण बेटावर मात्र रस्त्याच्या शेवटी असं फारसं काही नसतं. टेकापो गाव म्हणजे दुकानांची एक रांग, ते आनाउ त्याहून थोडं मोठं. जे बघायचं ते रस्त्यात आहे. पोचण्याच्या प्रवासाचा मापदंड बघण्याच्या प्रवासाला लावला की आपण दिवसभर बरोबर त्याच गोष्टीतून वेळ वाचवत बसतो, जिच्यासाठी गेलो.

राहिला डावीकडून चालवण्याचा मुद्दा. ते मोठंच सुख आहे, आणि पहिल्यांदा परदेशात गाडी हातात घेणाऱ्या मराठी माणसाने अमेरिका किंवा युरोपाआधी न्यूझीलंड निवडावं याचं ते खरोखर चांगलं कारण आहे. आपल्या लायसन्सवरचा मजकूर इंग्रजीत असला की तेही चालतं. पण बाजू सारखी असली तरी वागण्याची रीत सारखी नाही. आपण गाडी चालवतो ती वाटाघाटीने: हॉर्न, हात, नजर, थोडी दमदाटी. तिथे चौकातल्या वर्तुळाशी उजवीकडून येणाऱ्याचा हक्क असतो आणि तो समोर बघतसुद्धा नाही. तुम्ही थांबणार हे त्याने धरलेलंच असतं. आणि रिकाम्या रस्त्याचं एक दुखणं आपल्याला माहीतच नाही. पनवेल ते पेण माणसाला झोप येत नाही, कारण दर दहा सेकंदाला कोणीतरी त्याला मारायला येत असतं. हास्टच्या रस्त्यावर वीस-वीस मिनिटं समोरून काही येत नाही. हीटर चालू, बायको-मुलं झोपलेली, आणि खिडकीबाहेर तेच बीच वृक्षांचं रान.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या पहिल्या सहलीत मीही क्वीन्सटाउनहून मिलफर्ड एका दिवसात जाऊन-येऊन केलं होतं, तेही मे महिन्यात. माझ्याही तक्त्यात ते बसत होतं. सकाळी काळोखात निघालो, त्यामुळे वाकाटिपू तळ्याचा काठ दिसलाच नाही. परत येताना बघू म्हटलं. होमर बोगद्याच्या अलीकडे किआ पोपट गाडीचं रबर ओरबाडत होते, मुलगा त्यांच्यात रमला, अर्धा तास गेला. तो अर्धा तास त्या दिवसातला सर्वांत चांगला होता, आणि मी सगळा वेळ घड्याळ बघत त्याला "चल, चल" करत होतो. बोट सुटायच्या आत पोचलो, धापा टाकत. परत निघायला तीन वाजले. ते आनाउपाशी दिवस मावळला. किंग्स्टननंतर, म्हणजे जो काठ परत येताना बघायचा होता त्या काठावर, डाव्या चाकाखाली खडी वाजली तेव्हा मला जाग आली. जाग आली हे वाक्य मी मुद्दाम आहे तसं लिहिलं आहे. बायकोला मी ते पुढे दोन वर्षं सांगितलं नव्हतं. दोष रस्त्याचा नव्हता, गाडीचा नव्हता, माझ्या तक्त्याचा होता.

भाऊ यावर गप्प झाला, पण क्षणभरच. मग त्याचं शेवटचं आणि सर्वांत जुनं अस्त्र आलं: "तू म्हणतोस ते ठीक. पण एवढे लाख घालायचे, व्हिसा, सुट्टी, सगळं जुळवायचं. पुन्हा कुठे येणार आहोत आपण? आलोच आहोत तर बघून घेऊ."

मला या वाक्याची चीड येत नाही. त्यामागे तीन पिढ्यांची काटकसर आहे. आजोबांनी आयुष्यात एकदा काशी केली, ती प्रयाग, गया सगळं उरकून. आपण अष्टविनायक दोन दिवसांत करतो, आणि बसमधून उतरून, रांगेत उभं राहून, हात जोडून पुन्हा बसमध्ये बसतो, तरी यात्रा पूर्ण होते. कारण देव देवळात असतो. दर्शनाला एक मिनिट मिळालं तरी ते दर्शनच. पण अओराकी, म्हणजे माउंट कुक, ३,७२४ मीटर उंचीचा असूनही चार-चार दिवस ढगात तोंड लपवून बसतो. त्याच्या पायथ्याशी दुपारी दीड ते अडीच एवढाच वेळ देऊन जाणाऱ्याला वाहनतळ दिसेल. तिथे रात्र काढली तर संध्याकाळ, पहाट आणि दुसरी सकाळ अशा तीन संधी हातात येतात. 'पुन्हा येणार नाही' ही जर खात्रीच असेल, तर त्यावरून निघणारा निष्कर्ष अगदी उलटा आहे: जे एकदाच बघायला मिळणार ते धड बघावं. नऊ ठिकाणी भोज्याला शिवून येण्याला बघून घेणं म्हणत नाहीत. मिलफर्डला पुन्हा येणार नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याने तिथे पाऊस लागला तर दुसरा दिवस हाताशी ठेवायला नको का?

आणि पाऊस लागतोच. मिलफर्डला वर्षाला ६,८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या आंबोलीच्या पंगतीत बसावा असा. फरक इतकाच, की आंबोलीचा पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो, तिथला बारा महिने. हलका पाऊस उलट वरदान. कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात. पण जोराचा आला तर रस्ता बंद. त्या रस्त्यावर हिमकडे कोसळण्याचा धोका आहे, मे ते नोव्हेंबर फलक लागला असेल तर चाकांच्या साखळ्या गाडीत ठेवाव्या लागतात, आणि सावलीतल्या वळणांवर सकाळी डांबरावर बर्फाचा असा थर असतो की तो डोळ्यांना दिसतच नाही. हे अपवादाने घडतं असंही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे भर उन्हाळ्यात, पुराने मिलफर्डचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला आणि शेकडो पर्यटक अडकले. मार्च २०१९ मध्ये फ्रान्झ जोसेफजवळचा वाइहो नदीवरचा पूल पुराने उचलून नेला, आणि पश्चिम किनाऱ्याचा एकमेव महामार्ग अडीच आठवडे तुटलेला होता. नोव्हेंबर २०१६ च्या भूकंपाने कायकोराचा किनारी महामार्ग असा गाडला, की तो पुन्हा उघडायला डिसेंबर २०१७ उजाडला. वरंध घाट पावसाळ्यात बंद होतो हे आपण किती सहज समजून घेतो! परदेशातला रस्ता मात्र तिकिटाच्या पैशांत हमीसकट आला आहे असं वाटतं.

भावाच्या तक्त्यात मोकळा दिवस शून्य आहे. त्यामुळे पाचव्या दिवशी मिलफर्ड बंद असेल तर मिलफर्ड गेलं, आणि सातव्या दिवशी हास्ट बंद असेल तर निव्वळ फ्रान्झ जोसेफ जात नाही, आठव्या दिवसाचा मुक्काम, नवव्याचं विमान, सगळं पत्त्यांच्या बंगल्यासारखं खाली येतं. कारखान्यात तो असं कधी करणार नाही. एक यंत्र बंद पडलं तर काय, याची सोय न ठेवता त्याने महिन्याचं नियोजन दिलं, तर त्याचे साहेब त्याला दारात उभं करणार नाहीत. पण सुट्टीचं नियोजन करताना यंत्रं कधी बिघडत नाहीत असं तोच धरून चालतो, आणि वर त्याला 'रिअ‍ॅलिस्टिक' म्हणतो. मला त्या शब्दाचा एवढाच अर्थ कळतो: एक दिवस वाया गेला तरी जो बेत मोडत नाही, तो.

टूरवाल्यांचं काय? ते सात-आठ दिवसांत सगळं फिरवतात हे खरं. फिरवू शकतात, कारण त्यांच्या बसचा चालक त्या रस्त्याचा सरावलेला असतो, त्याने किती तास चालवायचं याला कायद्याची मर्यादा असते, आणि तुम्ही मागे पेंगत असता. ही सोय वाईट नाही. उलट मी तर भावाला सुचवलं, की मिलफर्डचा एक दिवस गाडी हॉटेलात ठेव आणि ते आनाउहून बसने जा. उंच काचांतून तुलाही कडे दिसतील, जे चालवणाऱ्याला कधीच दिसत नाहीत. त्याला ते पटलं नाही. त्यात म्हणे 'रोड ट्रिपचा फील' नाही. बसवाल्यांचा वेग हवा आणि स्वतःच्या गाडीचा रुबाबही हवा, हे मात्र एका खिशात मावत नाही.

दुसऱ्या टोकाला काही मंडळी आहेत, त्यांच्याही वाटेला जातो. हल्ली 'संथ प्रवास' नावाचा पंथ निघाला आहे. एका गावात पंधरा दिवस राहा, तिथल्या बेकरीवाल्याशी मैत्री करा, यादीच करू नका. ज्यांना पाच आठवड्यांची सुट्टी आणि सांभाळायला कोणी नाही, त्यांनी खुशाल करावं. दोन मुली आणि गुडघेदुखीची आई घेऊन वर्षाची सगळी रजा एका फटक्यात खर्चणाऱ्या माणसाला हा उपदेश करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. मला यादी हवी आहे. तक्ताही हवा. फक्त तो तासांत मोजलेला हवा, आणि ते तास उजेडाचे हवेत.

मग मी त्याला माझा तक्ता दिला. उत्तर बेट पूर्ण काढलं. थेट क्राइस्टचर्चला उतरायचं, त्या दिवशी गाडी ताब्यातसुद्धा घ्यायची नाही. बागेत चालायचं, लवकर झोपायचं. दुसऱ्या दिवशी टेकापो, सव्वादोनशे किलोमीटर, तीन तासांचे साडेचार धरून. तिथे दोन रात्री, मधल्या दिवशी माउंट कुक शंभर किलोमीटरवर, जाऊन-येऊन, हवं तितकं थांबून. मग टेकापो सोडून क्वीन्सटाउन. तिथून ते आनाउला दोन रात्री, एका दिवशी मिलफर्ड. पुन्हा क्वीन्सटाउनला तीन रात्री, त्यातला एक दिवस कोरा, मिलफर्ड किंवा माउंट कुकने दगा दिला तर भरपाईला. गाडी तिथेच सोडून विमानाने परत. एका गावी घेतलेली गाडी दुसऱ्या गावी सोडण्याचे जास्त पैसे पडतात, पण उलट फिरण्याचं पेट्रोल आणि एक दिवस वाचतो. एकूण साडेबाराशे-तेराशे किलोमीटर. त्याच्या निम्म्याहून कमी. मोटेलात स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घ्यायच्या, कारण लहान गावांत रात्री साडेआठला खानावळींच्या चुली विझतात आणि धाकटीला रात्री वरणभातच लागतो. खोली सकाळी दहाला सोडावी लागते, तेव्हा रोज मुक्काम बदलणारा माणूस रोज सकाळी पाच बॅगा भरतो. त्याच्या तक्त्यात हे सात वेळा होतं, माझ्यात पाच वेळा.

यात काय गेलं ते मी लपवत नाही. होबिटन गेलं, आणि थोरली त्यासाठी रडली. रोटोरुआची उकळती कुंडं गेली. कायकोराचे व्हेल गेले. फ्रान्झ जोसेफ गेल्याचं मला तितकं वाईट वाटत नाही. ती हिमनदी इतकी मागे सरकली आहे की पूर्वीसारखं चालत तिच्या तोंडाशी जाता येत नाही, वर जायचं तर हेलिकॉप्टर, आणि हेलिकॉप्टर पुन्हा ढगांच्या मर्जीवर. पण हास्टचा रस्ता गेल्याचं वाईट वाटतं. तो सुंदर आहे. सुंदर आहे म्हणूनच सातव्या दिवशी दमलेल्या डोळ्यांनी बघू नये.

भावाने माझा तक्ता वाचून लिहिलं: "यात फार रिकामं दिसतंय." त्याने मिलफर्डच्या मोकळ्या दिवशी वानाका घातलं होतं, आणि उत्तर बेटाचे दोन दिवस 'ऑप्शनल' म्हणून लाल अक्षरांत पुन्हा आणले होते.

मग मी आत्याला फोन केला. या सगळ्या महिन्यात तिला कोणी विचारलंच नव्हतं, तुला काय बघायचंय. आत्या तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवायची. ती पहिल्यांदा म्हणाली, "मी याला सांगितलं होतं रे, मे महिन्यात तिथे थंडीला सुरुवात असते. तो म्हणाला, आई, गुगलवर बघितलंय." मग थोडं थांबून म्हणाली, तिला एकच गोष्ट बघायची आहे. मुलांना ती दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायची, की दक्षिण गोलार्धात ध्रुवतारा दिसत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात क्षितिजाला टेकलेला तो त्रिशंकू तिथे डोक्यावर येतो. "तेवढं एकदा उभं राहून बघेन म्हणते. कुठून दिसेल?"

टेकापोहून. त्या भागाला २०१२ पासून काळोख्या आकाशाचं राखीव क्षेत्र म्हणून मान्यता आहे. गावातले दिवेसुद्धा खाली झुकवलेले असतात. फक्त रात्र निरभ्र हवी, आणि ती पहिली नसली तर दुसरी तरी हाताशी हवी.

मी भावाचा चार पानांचा तक्ता पुन्हा उघडला. चौथा दिवस, फिकट हिरवा रंग. टेकापो: पोचणे १२.१०, चर्च, फोटो, निघणे १२.४५.